दादाचं पितळी बटण

शिवणाचा डबा उघडला की पितळेचा वास येतो आणि मला आमचा कॅरम बोर्डावरचा बटणांचा फुटबॉल आठवतो. हरभरा म्हणजे चेंडू. टिचक्या मारायच्या पोरांनी. मी पोरगी, म्हणून काडेपेटीतली राखीव बटणं सांभाळायची. दादाचं पितळी बटण कॅप्टन. त्या दुपारी ते सारखं चुकत होतं, शेजारची पोरं जिंकत होती. मी ते उचललं आणि आईच्या पोलक्याचं बटण मैदानात उतरवलं.

"कॅप्टनला भाईर काढत्यात व्हय?" दादा ओरडला.

"खेळत न्हाय त्याला काढत्यात की!"

टिचकीही मीच मारली. गोल!

"आता माझं परत ठेव."

"भाईर गेलेला गडी परत येत न्हाय. नियम तुझाच हाय."

दादा आता आजोबा झालाय. बटण अजून मागतो. मी देत नाही.