बीरगांवच्या विहारातली पाहुण्यांची खोली

पाहुणा सकाळी बॅग उचलून निघून जाते, अन् त्याचा किस्सा इथंच राहून जाते. आमच्या रायपूरजवळच्या बीरगांवच्या बुद्धविहारामागं पाहुण्यांसाठी एक खोली आहे. विहाराची देखरेख अन् खोलीची चावी माझ्याकडं, म्हणून किस्सेही माझ्याकडंच जमा झाले. आमचे अध्यक्ष मेश्रामजी प्लांटमधून सुपरवायजर म्हणून रिटायर झालेले. त्यांना हे सगळे किस्से म्हणजे तक्रारी वाटतात. "विहार आहे का लॉज?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोलीले कुलूप ठोकायचं अन् आत मंडपाच्या खुर्च्या भरायच्या, हा त्यांचा हट्ट. मले मात्र ती उघडी पाहिजे. रायपुरात उतरलेल्या आपल्या माणसानं जावं कुठं?

*

गोंदियाचे एक काका आले होते. खोलीत गरम होते म्हणून सतरंजी घेऊन हॉलमध्ये पंख्याखाली झोपले. झोप अशी लागली, की रविवारच्या वंदनेले सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, येऊन बसला तरी यांना पत्ता नाही. मेणबत्त्या लागल्या तेव्हा डोळे उघडले. पाहतात तं चहूकडं पांढऱ्या कपड्यांतले उपासक! काकांनी अंगावरची चादर तशीच खांद्याभोवती ओढली, हात जोडले अन् मांडी घालून बसले.

वंदना झाल्यावर विहारातले भिक्खू, आमचे भंतेजी, सगळ्यांना म्हणाले, "वेळेवर कसं यावं ते या उपासकांकडून शिका. सगळ्यात आधी आले." मेश्रामजी स्वतः उशिरा आले होते, ते मेणबत्त्या विझवाले लागले.

*

मग अमरावतीच्या एक ताई, पोरीच्या परीक्षेसाठी आलेल्या. घरचा देवधर्म वेगळा, पण ओळखीनं आल्या. पोरगी पेपरले गेली, अन् ताईंना पूजा केल्याशिवाय चैन पडेना. विहारात घंटी शोधू शोधू थकल्या. शेवटी स्टीलची थाळी घेतली अन् चमच्यानं वाजवली.

आता आमच्याकडं भंतेजींचं जेवण दुपारच्या आत व्हावं लागते, अन् जेवण तयार झालं की मी थाळीच वाजवते. भंतेजी हात धुऊन येऊन बसले. मी गेलेली भाजी आणाले. ताई घाबरल्या, पण बाई हुशार. पोरीसाठी ठेवलेले पराठे अन् चटणी सगळं वाढून टाकलं. मी आले तेव्हा भंतेजी आशीर्वाद देऊन राहिले होते अन् ताई डोळे मिटून बसल्या होत्या.

पोरगी पेपर देऊन आली अन् डबा उघडून म्हणाली, "मम्मी, माझं जेवण?"

*

पाऱ्यातल्या एका लग्नात घर भरलं, म्हणून भंडाऱ्याच्या जावयाले आमच्या खोलीत उतरवलं. जावई खाण्याचा शौकीन. संध्याकाळच्या रिसेप्शनले गुलाबजाम आहेत का, हे त्यानं आल्या आल्या विचारून घेतलं होतं. पण त्या दिवशी पौर्णिमा. सकाळी भंतेजी शील, म्हणजे पाळायचे नियम, देऊन राहिले होते अन् लोक मागून म्हणत होते. पंचशील तं आपल्याले झोपेतही येते, तसा जावईही डोळे मिटून जोरात म्हणत गेला. पाच झाले, भंतेजी थांबेच ना. आठ झाले तेव्हा जावयानं डोळे उघडले. पौर्णिमेले आमचे उपासक अष्टशील घेतात, अन् त्यात दुपारनंतर जेवायचं नसते.

"भंतेजी, हे वापस करता येते का?" बिचाऱ्यानं हळूच विचारलं.

"हव. उद्या सकाळी."

संध्याकाळी सगळे गुलाबजाम खाऊन राहिले अन् हा लिंबूपाणी घेऊन खुर्चीवर. सासूबाई मात्र ज्याले त्याले दाखवत होत्या, आमचा जावई किती धार्मिक आहे म्हणून. मेश्रामजींनी मीटिंगमध्ये सांगितलं, पाहुणे उपाशी राहतात, आपल्या विहाराचं नाव खराब होते. या वेळी कमिटी त्यांच्या बाजूनं झाली. रविवारी कुलूप लागणार असं ठरलं. मले लय वाईट वाटलं.

*

त्याच शनिवारी प्राची आली. प्राची म्हणजे मेश्रामजींची पोरगी. दुसऱ्या समाजातल्या पोराशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून बापानं बोलणं टाकलेलं. दिवस गेलेले होते, समता कॉलोनीतल्या डॉक्टरले दाखवाले नवऱ्यासोबत आली होती. बापाचं घर मागच्याच गल्लीत, पण मले म्हणे, "मौसी, आज रात रुक जाएँ?" मी विचारत बसले नाही, खोली उघडून दिली.

सकाळी मेश्रामजी नवं कुलूप घेऊन हजर. मी म्हटलं, आत पाहुणे आहेत. ते म्हणाले, काढा त्यांना बाहेर, अन् रागानं दार ढकललं. दार सरळ उघडलं.

प्राची खाटेवर बसलेली. नवरा दुधाचा गिलास घेऊन उभा. मेश्रामजींनी पोरीकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. दार एकदा लावलं, परत उघडलं. अन् माझ्यावरच खेकसले.

"वनिताबाई, याले आतून कडी काहून नाही? बाईमाणूस राहते इथं. अध्यक्ष कोण आहे या विहाराचा?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मंग उभ्या काय राहिल्या? कडी, स्क्रू अन् पेचकस आणा," मेश्रामजी म्हणाले, अन् हातातलं कुलूप त्यांनी जावयाले धराले दिलं.