डावी बाही दीड इंच कमी

आमच्या शाळेत सगळे तिला टाकेमावशी म्हणत. बाजारगल्लीत जिन्याखाली तिचं शिवणाचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले अर्धवट कपडे. गिऱ्हाईक आत आलं की मावशीला मशीनवरून उठून बाहेर यावं लागे, इतकीच जागा. एकोणीस वर्षं शाळेच्या मुलींचे गणवेश तीच शिवतेय. त्यातली बारा वर्षं मी त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. मुली मला मोठ्या बाई म्हणतात. ही हकीकत सांगताना तो मोठेपणा जरा बाजूला ठेवावा लागणार आहे.

मावशी स्वतः चौथी शिकलेली. पाचवीच्या पहिल्या दिवशी बापानं दप्तर काढून घेतलं आणि मशीनपुढं बसवलं. ती ते हसत सांगायची, "पाय पोचत नव्हते हो पायट्याला, तरी बापाला वाटलं पोरगी मोठी झाली!" पण तेव्हापासून शाळा सोडणारी मुलगी तिला बघवत नसे. गणवेश शिवून झाला आणि न्यायला कोणी आलं नाही, की ही तो बगलेत मारून सरळ त्यांच्या दारात. "गणवेश तयार आहे. पोरगी कुठंय?" घरच्यांनी काही कारण सांगितलं की म्हणायची, "ते असू दे, आधी घालून तर बघू दे." माझ्या हजेरीपटावरच्या निदान तीसेक मुली तिनं अशा उंबऱ्यावरून परत आणल्या. ते काम खरं तर माझं होतं.

त्या वर्षी शाळेत एका संस्थेच्या ताई आल्या. साधे कपडे, मऊ आवाज, हातात फाईल. गरिबाघरच्या पाच हुशार मुलींना शहरात मोफत शिक्षण, राहायला वसतिगृह, संगणक, पुढं कॉलेज. मी पत्र वाचलं, शिक्का बघितला, फोटो बघितले. फोटोत टेबलांपाशी बसून हसणाऱ्या मुली होत्या. मला इतका आनंद झाला की मी स्वतःच आठवीतल्या पाच मुलींची नावं काढून दिली. ताईंनी मुलींना पेनं वाटली, माझ्याच खोलीत गणवेशासाठी त्यांची मापं घेतली, आणि "शनिवारी सकाळी गाडी येईल" म्हणून सांगितलं.

पाचांतली एक डावरी. लहानपणी हात मोडला, तो वाकडा बसला आणि जरा आखूड राहिला. तरी लिहायची त्याच हातानं. दुसरी चिमणी, वर्गात सगळ्यांत लहानखुरी. तिला आईबाप नव्हते, काकाकडे राहायची. बाकी तिघी एकाच चाळीतल्या, एकमेकींच्या मैत्रिणी.

मंगळवारी दुपारी मावशीच्या दुकानापुढं एक गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्यानं कापडाचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि मापांची चिठ्ठी दिली.

"पाच पोशाख. शनिवारी पहाटे हवेत, शहरात शिवायला वेळ नाही. शिलाई मागाल ती."

कापड चमकीचं होतं, भडक. चिठ्ठीवर काढलेला नमुना थोराड बायकांचा.

"कोणासाठी हो?" मावशीनं विचारलं.

"नाटक मंडळी आहे. मोठ्या बायका आहेत."

मावशीनं चिठ्ठीवरून नजर फिरवली. मोठ्या बायकांची ती मापंच नव्हती. सवयीनं तिनं विचारलं, "वाढीव ठेवू ना आत? दोन इंच तरी?"

"नको. आहे तेवढंच. पुढचं कोणाला बघायचंय?" असं म्हणून तो हसला.

मावशीनं मला नंतर सांगितलं, की त्या हसण्यानं तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. वाढत्या अंगाच्या मुलीचा कपडा वाढीव न ठेवता कोणी शिवत नाही. मग तिची नजर चौथ्या ओळीवर गेली. तिथं लिहिलं होतं: 'डावी बाही दीड इंच कमी.'

ड्रायव्हर गेल्यावर तिनं आपली मापांची वही काढली. आठवीची पानं उघडली. खांदा, छाती, कंबर, उंची. पाची ओळी शहरात निघालेल्या त्याच पाच मुलींशी जुळल्या. कुठं अर्ध्या इंचाचा फरक, तोही मुली वर्षात वाढल्या तेवढाच.

ती तशीच शाळेत आली. मी त्या पाच मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले लिहीत होते.

"बाई, या मुलींना पाठवू नका."

तिनं सगळं सांगितलं. मी पेन खाली ठेवलं नाही. मला वाटलं, गणवेशाचं काम हातचं गेलं म्हणून हिचा जळफळाट चाललाय. मी तसं म्हणालेसुद्धा.

"मावशी, संस्था तिकडेच शिवून घेणार आहे कपडे. तुमचं काम गेलं याचं मला वाईट वाटतं. पण मुलींच्या आयुष्याचा प्रश्न आहे हा."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "आखूड हाताच्या मुली या गावात दोन आहेत का?"

"योगायोग असतो एखादा."

"पाच वेळा?"

मी दाखल्यावर शिक्का मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तिथून ती चौकीत गेली. तिथल्या साहेबांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. "कपडे शिवायला टाकणं हा गुन्हा आहे का? मग रोज तुम्हालाच आत टाकायला हवं." बाकीचे हसले. मावशी चिठ्ठी घेऊन बाहेर पडली.

बुधवारी तिनं त्या कापडाची एकच बाही कापली. डावी. शिवली, उलटवली, इस्त्री केली आणि पिशवीत घालून डावरीच्या आईकडे गेली. आई लाँड्रीत इस्त्री करायची. डावरी तिथंच ओट्यावर अभ्यास करत बसली होती. मावशीनं कोणाला काही न सांगता गणवेशावरूनच ती बाही मुलीच्या हातात चढवली. खांद्यापासून मनगटापर्यंत. कुठं सैल नाही, कुठं आखूड नाही.

आईनं इस्त्री बाजूला ठेवली. "हे काय भलतंच? कोणाचं आहे हे?"

"एका माणसानं शिवायला टाकलंय. नाटकातल्या मोठ्या बाईसाठी, म्हणाला."

आईनं त्या चमकीवरून हात फिरवला. मग तो हात पदराला पुसला.  शेवटी डावरीनंच बाही ओढून काढली आणि विचारलं, "आई, मी नाही गेले तर चालेल का?"

त्या दोघी बायका मग चाळीत गेल्या. तिथं चिठ्ठी दाखवली, वही दाखवली, मुलींना उभं करून टेप लावली. आधी "तुमचं काहीतरीच" म्हणणाऱ्या आया हळूहळू गप्प झाल्या. पण एवढी चालून आलेली संधी सोडवत नव्हती, आणि त्यांचं तसं वाटणंही चूक नव्हतं. शेवटी डावरीच्या आईनंच तोड काढली. "आपण म्हणू, आमच्यातल्या दोघी बरोबर येतो. वसतिगृह बघतो, रात्र काढतो, परत येतो. चांगलं असेल तर कोणाची ना आहे?"

चिमणीच्या काकानं मात्र दारातूनच वाटेला लावलं. "एक तोंड कमी होतंय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?" त्याच्यामागं चिमणी उभी होती. नवं पेन फ्रॉकच्या खिशाला लावलेलं. ती मावशीकडं बघून हसली.

हे ताईंच्या कानावर कोणी घातलं कोण जाणे. शुक्रवारी सकाळी त्या ताई स्वतः दुकानात आल्या. ड्रायव्हर गाडीत बसून राहिला. ताईंनी कापड मागितलं, चिठ्ठी मागितली. आवाज तसाच मऊ.

"राहू दे मावशी, दुसरीकडे शिवून घेऊ. तुम्हाला त्रास नको."

मावशीनं गठ्ठा दिला. ताईंनी चिठ्ठीची घडी घातली, दुकानावरून नजर फिरवली आणि विचारलं, "एकट्याच असता ना इथं?"

"हो."

"कापडाच्या दुकानात जपून राहावं. एक ठिणगी पुरते. मला बाई काळजी वाटते तुमची."

गाडी वळून जाताना मावशीनं खडूनं टेबलाच्या आतल्या कडेवर तिचा नंबर लिहून ठेवला.  दोन आकडे पुन्हा गिरवावे लागले.

शनिवारी सकाळी गाडी शाळेच्या फाटकाशी आली. खिडक्यांना पडदे. चाळीतल्या तिघी आणि डावरी, चौघींच्या आया त्यांचे हात धरून उभ्या. डावरीची आई पुढं झाली.

"ताई, आमच्यातल्या दोघी येतो बरोबर. जागा नसेल तर खाली बसतो."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "मोठ्या बाई, विश्वास नाही का यांचा?"

आणि मी, चांगली शिकली-सवरलेली बाई, त्या आयांवरच रागावले. "अहो, नियम असतात संस्थेचे."

"असू देत," डावरीची आई म्हणाली. "आम्हालाही न्या, नाहीतर मुली नेऊ नका."

ताई एक क्षण तिच्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं. ते मी पाहिलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात सगळ्यांचीच सोय करते," आणि गाडीत बसल्या.

गाडी निघाली तेव्हा मागचा पडदा हलला. काचेवर एक लहानसा हात टेकला, मग चिमणीचा चेहरा दिसला. काकानं तिला गल्लीतूनच गाडीत बसवून दिलं होतं. ती हात हलवत होती.

मीही हात हलवला.

गाडी वळणाआड गेल्यावर मात्र ताईंच्या डोळ्यांतून गेलेलं ते हसू मनातून जाईना. ऑफिसात येऊन मी संस्थेच्या पत्रावरचा नंबर फिरवला. असा नंबर अस्तित्वात नव्हता. पत्रावरच्या पत्त्याजवळ माझी एक जुनी मैत्रीण राहायची. तिला जाऊन बघायला सांगितलं. तासाभरानं तिचा फोन आला. "इथं टायरचं गोदाम आहे गं. वसतिगृह कसलं?"

मी धावत बाजारगल्लीत गेले. मावशीच्या दुकानाची कडी तोडलेली होती. मशीनचा पट्टा कापलेला, खिळ्यांवरचे कपडे उभे चिरलेले. जळालेलं काही नव्हतं. वेळ होता, तरी त्यांनी जाळलं नव्हतं. ते पुढच्या वेळेसाठी जाणूनबुजून शिल्लक ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मावशी जमिनीवर बसून चिंध्या वेगळ्या करत होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"कोण गेली?"

"चिमणी."

मला वाटलं ती मला बोलेल. बोलायलाच हवं होतं. ती उठली, टेबलाच्या कडेवरचा नंबर तिनं कागदावर उतरवून घेतला आणि म्हणाली, "तुमच्या शाळेचा शिक्का असलेला कागद घ्या बाई. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

चौकीतल्या साहेबांनी मला खुर्ची दिली. मावशीला उभंच ठेवलं. तीच हकीकत, तेच शब्द, पण या वेळी लिहून घेतले गेले. चार दिवस आधी ते लिहिले असते तर, हा विचार आम्ही दोघींनीही केला असणार. आम्ही तो एकमेकींपाशी कधी बोललो नाही.

गाडी तीन आठवड्यांनी एका घाटरस्त्यावर बेवारस सापडली. नंबर खरा होता, म्हणून मालक सापडला, मालकावरून ड्रायव्हर. त्याच्या तोंडून एकेक ठिकाण बाहेर यायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मावशी दर सोमवारी चौकीत जाऊन बाकावर बसायची. कोणी काही विचारलं नाही तरी बसायची. तिच्या दुकानात अधूनमधून फोन वाजायचा आणि पलीकडून कोणी बोलायचं नाही. ती रिसीव्हर ठेवायची आणि पुन्हा मशीनवर बसायची.

दूरच्या एका शहरातल्या बंद घरातून नऊ मुली सोडवल्या. त्यांत चिमणी होती. काका तोवर खोली रिकामी करून निघून गेला होता. मावशी तिला आपल्या घरी घेऊन आली. पहिले दोन महिने ती बोलली नाही. दाराकडं तोंड करून बसायची आणि दार कोणी लावलं की उठून उघडायची. मावशीनं मग दार लावणंच सोडलं, थंडीतसुद्धा. तिसऱ्या महिन्यात मुलीनं एवढंच विचारलं, "माझं वर्ष वाया गेलं का?" मी तिचं नाव पुन्हा हजेरीपटावर घातलं. आज ती दहावीत आहे. गणित कच्चं आहे. रोज माझ्याकडं येते. तिथं काय झालं ते मी विचारत नाही, ती सांगत नाही.

त्या ताई सापडल्या नाहीत. ड्रायव्हरला त्यांचं खरं नावही माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात चार तासांवरच्या एका गावातल्या मुख्याध्यापिकेचा मला फोन आला. आमची ओळख एका शिबिरातली. फार खुशीत होती. "अगं, आमच्या शाळेला एक संस्था मिळालीय. पाच मुलींचं सगळं करणार आहेत. बोलायला इतक्या गोड बाई आहेत!"

"आम्ही येईपर्यंत एकाही मुलीला शाळेबाहेर सोडू नकोस," एवढं सांगून मी मावशीकडं निरोप पाठवला. ती हातातलं काम तसंच टाकून आली. आम्ही पहिली बस धरली. वाटेत ती सारखी पुढच्या काचेतून रस्ता बघत होती. पोचलो तेव्हा शाळा सुटायला अर्धा तास होता. पाची मुली वर्गात होत्या. मी त्या मुख्याध्यापिकेपुढं बसले आणि मी काय केलं होतं ते पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं, शिक्का मारला तिथपर्यंत, हात हलवला तिथपर्यंत. तिचा चेहरा उतरत गेला.

"पण त्या बाईंनी मुलींच्या घरचे पत्ते काल नेले गं, गाडी दारातच येईल म्हणाल्या," ती म्हणाली.

मावशी दारात उभी होती. तिनं पिशवी खांद्यावर घेतली.

"मग इथं बसून काय करताय? पहिलं घर कुठलं, ते दाखवा."