सोललेली पट्टी

तिला सगळे मावशीच म्हणायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करायला ती घरोघर जायची. अंग पुसून दे, कूस बदल, घास भरव. घरी तिचा स्वतःचा नवरा अंथरुणावर होता. हाडाचा गवंडी, पण परांचीवरून पडला आणि पाठीचा पार चुराडा झाला. दवाखान्यानं साध्या गोळ्या लिहून दिल्या आणि 'होईल सवय' म्हणून घरी पाठवलं. दुखण्याची म्हणे सवय! सांगणाऱ्याची पाठ एकदा मोडायला हवी होती.

त्या वेळी ती एका निवृत्त मास्तरांकडे कामाला होती. मास्तरांना कॅन्सर. त्यांच्या छातीवर अफूच्या जातीच्या औषधाची पट्टी लावलेली असे. ठरलेल्या दिवशी जुनी सोलायची, नवी लावायची, आणि जुनी दुमडून डब्यात टाकायची. डबा दवाखान्यात परत जायचा. एकदा मावशीनं सोललेली पट्टी डब्यात टाकलीच नाही. पिशवीत घालून घरी आणली आणि नवऱ्याच्या पाठीवर चिकटवली. टाकाऊच तर होती! कुणाच्या तोंडचा घास का काढला होता तिनं?

गवंड्याला कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. उठल्यावर म्हणाला, "अगं, एखादी भिंत बांधावीशी वाटतेय." ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग मास्तरांची प्रत्येक जुनी पट्टी गवंड्याच्या पाठीवर येऊ लागली.

पुढे त्याला ताप भरला. तापलेल्या अंगात ते औषध भराभर मुरतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? तो हाका मारूनही उठेना, श्वास मंदावला. तिनंच रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. तिथं पाठ उघडी केल्यावर पट्टी सापडली. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कौतुकानं म्हणाला, "बायको लावते माझी. कामावरून आणते. देवमाणूस आहे हो ती."

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं.

"सोललेल्या पट्टीतही औषध उरतं, मावशी," तिचे वकील म्हणाले. "चिठ्ठीशिवाय जवळ ठेवली, हा एक गुन्हा. दुसऱ्याला दिली, हा त्याहून मोठा."

"दुसऱ्याला कुठं? नवऱ्याला दिली."

"कायद्याला नवराही दुसराच."

"पण मी पैसे नाही घेतले हो!"

"म्हणून शिक्षा थोडी कमी होईल. सुटका नाही व्हायची."

कोर्टात गवंड्याला साक्षीला उभं केलं. तिला वाचवायच्या नादात त्यानं सगळं इत्थंभूत सांगितलं, ती किती जपून पट्टी लावायची तेसुद्धा. सरकारी वकिलांना आणखी काही विचारावंच लागलं नाही. तिला तीन वर्षांची कैद झाली.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीला तिच्या बहिणीनं त्याला आधार देऊन आणलं. जाळीपलीकडच्या स्टुलावर तो ताठ बसला. दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरलेली, ओठावर घाम.

"दुखतंय का हो?"

"छे! अजिबात नाही."

"खोटं बोलताय."

"खरं बोललो होतो एकदा," तो म्हणाला. "आता मला काहीही होऊ दे, मी कुणाला सांगणार नाही. तुलासुद्धा नाही."