कागदाच्या पुडीतल्या गोळ्या

भाताच्या रोवणीच्या धामधुमीत माझा डावा कान वाहायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी आत उजेड मारून पाहिलं आणि बजावलं, पडद्याला बारीक भोक आहे; गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला तर भरून येईल, मध्येच सोडला तर हा कान कामातून गेला समजा. नवरा शेजारीच उभा होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथं नाही करणार. मान माझ्यापेक्षा जास्त त्यानंच हलवली होती.

थोड्याच दिवसांत ठणका गेला, कान सुकला. आणि एका सकाळी आरशामागची गोळ्यांची पट्टी दिसेना.

"दादाची दाढ ठणकून राहिली होती, त्याले देऊन देलो," नवरा म्हणाला. "कान तं सुकला ना. आता कायले खातेस?"

आमच्या कामठा गावाकडे उरलेली गोळी विरजणासारखी या घरातून त्या घरात जाते. पण माझी उरलेली नव्हती, चालू होती. मी भांडी आपटली, बोलणं टाकलं. संध्याकाळी तो कागदाची पुडी घेऊन आला.

"गोंदियावरून आणलो. त्याच हायेत. दुकानवाल्यानं सुट्ट्या देल्या."

तशाच पांढऱ्या, तशाच लांबट. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच्या आवडीची सुक्या झिंग्यांची चटणी वाटली.

त्या गोळ्या मी वेळ न चुकवता घेतल्या. भाताच्या बांधीतून वर येऊन, चिखलाचे हात धुऊन, पदराची गाठ सोडून घेतल्या. तरी कान पुन्हा वाहू लागला, आणि आता वासही येत होता. डॉक्टर चिडले, गोळ्या सोडल्या ना म्हणाले. मी ठणकावून सांगितलं, एकही चुकवली नाही, विचारा यांना. आणि पुडी टेबलावर ठेवली.

त्यांनी गोळी बोटांत फिरवून पाहिली. "बाई, ये तो ताकत की गोली है."

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. पुडी आणली त्या दिवशी तो गोंदियाला गेलाच नव्हता, गावातल्याच किराणा दुकानातून उचलल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू कुरकुर करून राहिली होतीस. मनलं, तेवढंच समाधान."

समाधान म्हणे. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण ज्याला मी साक्षीला उभं केलं, त्यानंच केसानं गळा कापला. पुढची कडक औषधं मी स्वतः जाऊन आणली. वाहणं थांबलं, पण त्या कानाचं गेलेलं ऐकू येणं काही परत आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याची छाती कफानं भरली. त्यालाही पूर्ण कोर्स होता. प्रत्येक गोळी मी त्याच्या हातावर ठेवायची, आणि तो न बघता तोंडात टाकून वरून पाणी प्यायचा. कोणती आहे, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

मीही कधी विचारलं नव्हतं.