जयूताईंचा राजीनामा

उज्जैनला नानाखेड्याच्या बस स्टँडमागच्या वस्तीत जयू भागवत अकरा वर्षं आशा कार्यकर्ती आहेत. नवरा शैलेंद्र फ्रीगंजमध्ये चष्म्याच्या दुकानात काम करतो. घर वस्तीच्या तोंडाशीच, दोन खोल्यांचं. गरोदर बायकांची नोंद, पोरांच्या लसी, टीबीच्या गोळ्या, सगळं जयूताईंकडे.

वस्तीतल्या बारा बायकांची आरोग्य समितीही त्यांनीच उभी केली. सुरुवातीला बायका तोंडावर पदर घेऊन नुसत्या बसायच्या. जयूताई दर बैठकीत सांगायच्या, "फैसला आप लोगों का है. मैं तो बस लिखूँगी." हळूहळू बायका बोलायला लागल्या. भांडून त्यांनी पाण्याची गळकी लाइन बदलून घेतली.

या फेब्रुवारीत पुण्याहून अपूर्वाचा फोन आला. एकुलती एक मुलगी, सातवा महिना, बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं.

"आई, तू ये ना. चार महिने तरी. सासूबाईंच्याने उठबस होत नाही गं."

जयूताईंनी राजीनामा लिहून आरोग्य केंद्रावर नेला. तिथल्या बाईंनी तो वाचून परत दिला. "इतनी लंबी छुट्टी तो मिलेगी नहीं. छोड़ना है तो समिति से नई आशा का नाम लिखवा लाओ."

शनिवारी बैठक झाली. आशा व्हायला दहावी लागते, आणि वस्तीत दहावी झालेल्या दोघीच. एक देवासला राहायला चालली होती, दुसरीचा सासरा नाही म्हणाला.

"तो इतना लिख दो, इस्तीफा मंज़ूर है," जयूताई म्हणाल्या.

समितीच्या अध्यक्ष गेंदाबाई रामघाटाजवळच्या धर्मशाळेत झाडलोट करतात. जयूताईंच्या आधी दोन वर्षं इथे आशाच नव्हती. तेव्हा गेंदाबाईंची सून बाळंतपणाला नेताना ऑटोतच गेली होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

"जिसको लगता है दीदी को जाने दें, हाथ उठाओ," गेंदाबाई म्हणाल्या.

एकही हात वर झाला नाही.

"बुरा मत मानना दीदी. आपने ही सिखाया, फैसला हमारा है."

रजिस्टर लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. जयूताईंनी स्वतःच्याच हाताने लिहिलं, इस्तीफा नामंज़ूर, आणि रजिस्टर सह्या-अंगठ्यांसाठी फिरवलं.

"कागद गेला खड्ड्यात," शैलेंद्र घरी म्हणाला. "तू तिकीट काढ. कोण अडवतंय तुला?"

"या महिन्यात तिघी बाळंत व्हायच्यात. एकीच्या अंगात रक्त नाही. कुणाच्या भरवशावर टाकू?"

"आणि अपूर्वा?"

जयूताईंना बायकांचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. दोन दिवस त्या वस्तीत फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दारात येऊन उभी राहिली. जयूताईंनी ओढणी घेतली, चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाल्या.

तिघी सुखरूप बाळंत झाल्या. तोवर पुढच्या महिन्याच्या चौघी यादीत आल्या होत्या. अपूर्वाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी जयूताई शाळेत पोलिओचे डोस पाजत होत्या. मुलगी झाली, दोघी ठीक, हे शैलेंद्रने फोन करून कळवलं.

मे महिन्यात त्यांना आठ दिवस मिळाले. पुण्याच्या घरात नातीला कुठल्या कपड्यात गुंडाळायचं, कशी शांत करायची, ते जावयालाच जास्त ठाऊक होतं. अपूर्वा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पाहुण्याला विचारावं तसं विचारायची, "आई, चहा टाकू? पंखा वाढवू?"

निघायच्या दिवशी जयूताई म्हणाल्या, "दिवाळीत येते पुन्हा."

"जमेल तसं ये," अपूर्वा म्हणाली आणि बाळाला पाजायला आत गेली.

उज्जैनला पोचल्या त्याच दिवशी त्या वस्तीत गेल्या. गेंदाबाई वाटेतच भेटल्या. "नातिन किस पे गई है, दीदी?"

जयूताईंनी फोनमधला फोटो दाखवला. गेंदाबाईंनी हात पुसून फोन घेतला, बराच वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "पीछे वाली गली में एक नई बहू आई है. पाँचवाँ महीना है, कहीं नाम नहीं लिखवाया."

"चलो," जयूताई म्हणाल्या.