सोल्वायचं गाणं आणि बॉर्गेची डुकरं

आमच्या वेस्टर टोर्पमध्ये कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली की दोन बायकांना बोलावणं जातं. एक मी, बोदिल, डुकराचं मांस भाजायला आणि मणभर बटाटे सोलायला. दुसरी सोल्वाय, गाणं लिहायला. माझ्या रश्श्याला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले, त्यांचं तोंड आणि त्यांचं नशीब. सोल्वायच्या गाण्याला मात्र कोणी नाव ठेवत नाही. ठेवणार कोण? ती गावात टपाल वाटायची. कोणाला कुठून पाकीट येतं आणि ते घेताना कोणाचे कान लाल होतात, हे तिला पक्कं ठाऊक. कडव्यात काय घालायचं आणि काय गिळायचं, हे तिच्या हातात होतं.

हे गाणं छापून प्रत्येक ताटाशेजारी ठेवतात. मग अख्खा हॉल उभा राहून नवराबायकोच्या तोंडावर त्यांच्या पंचवीस वर्षांच्या फजित्या गातो. वर मोठ्याने हुर्रे. लग्नाला साडेबारा, म्हणजे पंचवीसच्या निम्मी, वर्षं झाली तरी गाणं, पन्नासावा वाढदिवस असला तरी गाणं. आणि कागदाच्या डोक्यावर चाळीस वर्षं एकच ओळ: ‘चाल: मंडे मॅव्हिस.’

आता ही चाल आमची नव्हेच. ती इंग्रजांची. ‘टिन विंडोज’ नावाच्या चौघा केसाळ पोरांची. सोल्वायने ती पंधराव्या वर्षी बापाच्या डुकरांच्या गोठ्यात ऐकली. डुकरं शांत राहावीत म्हणून तिथे रेडिओ लावलेला असायचा. एका संध्याकाळी परदेशी स्टेशन लागलं, डेनिस हॉब्ली नावाचा गडी गायला लागला आणि सोल्वाय हातात बादली घेऊन जागच्या जागी उभी राहिली. कळलं काही नाही. डेनिस शब्द असे चावून म्हणतो की खुद्द इंग्रजांनाही कळत नसावेत.

मी एकदा तिला विचारलं होतं, “अगं, कळत नव्हतं तर रडलीस कशाला?”

“कळत नव्हतं म्हणूनच,” ती म्हणाली. “आपल्या गाण्यात सगळं कळतं. शेत, देव, वसंत. तो काय म्हणतोय कळेना, पण माझ्याशीच बोलतोय हे कळत होतं.”

तेव्हा तरणी पोरं सगळी तशीच होती. एका इंग्रज बँडच्या तबकडीसाठी माझ्या भावाने सायकल विकली आणि मग तबकडी घरी आणायला चार कोस चालत आला. पण बाकीच्यांचं खूळ लग्नाबरोबर उतरलं. सोल्वायने लग्न केलं नाही, त्यामुळे उतरायला कारणच मिळालं नाही.

घोटाळा झाला तो शहात्तर साली. तिच्या काकाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, गाणं लिहायला कोणी मिळेना. तिने लिहिलं, आणि चाल घेतली आपल्या लाडक्या गाण्याची. अ‍ॅकॉर्डियन वाजवायला एगॉन. एगॉनने ती चाल बसवायला तीन आठवडे घेतले आणि त्यानंतर दुसरी चाल शिकायला साफ नकार दिला. “एक येते ना? मग झालं तर,” म्हणाला. त्याच्यावाचून दुसरा वाजवणारा नव्हता. अडला हरी, दुसरं काय. तेव्हापासून वेस्टर टोर्पमधल्या प्रत्येक सोहळ्याला ‘मंडे मॅव्हिस’.

गाव खूश होतं. सोल्वायचा मात्र घात झाला. एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सांगितलं, “बोदिल, तबकडी लावली ना, की डेनिसचा आवाज ऐकूच येत नाही गं. बॉर्गे येतो.”

बॉर्गे म्हणजे आमचा डुकरंवाला. त्याच्या आणि ग्रेटेच्या लग्नाच्या पंचविशीचं दुसरं कडवं तर शेंबड्या पोरालाही पाठ आहे:

‘बॉर्गे गेला डुकरं धुवायला,
पाय घसरला, लागला पोहायला,
ग्रेटे म्हणाली काठावरून,
जेवण झालंय, ये रे नाहून!’

“मॅव्हिसच्या नावापाशी आले की बॉर्गे धपकन पडतो,” सोल्वाय म्हणाली. “माझं एकुलतं एक गाणं, आणि त्यात मीच डुकरं सोडली.” मला हसू आलं. तिला आलं नाही, तिचे डोळे भरले होते. मी गुपचूप कॉफी ओतली.

आणि मग दोन वर्षांपूर्वी बातमी आली की टिन विंडोज आमच्या हॉलमध्ये येणार. इंग्लंडात म्हणे डेनिसला शेजारचं कुत्रंसुद्धा ओळखत नाही, पण आमच्या जटलंडात त्याची तिकिटं अजून खपतात. रविवारी दुपारी, जेवणासकट. बँडवाले सत्तरीचे, त्यांना संध्याकाळी लवकर झोपायचं असतं.

सोल्वाय धावत माझ्याकडे आली. “बोदिल, तो समोर उभा राहून गायला ना, तर डुकरं जातील माझ्या कानातून. एकदाच. नीट, त्याच्या तोंडून. पण गावाने तोंड बंद ठेवायला हवं.”

“आपलं गाव आणि तोंड बंद?”

तरी बाई हटली नाही. निवृत्त झाली होती, पण टपालाची सायकल काढून दारोदार फिरली. प्रत्येकाकडून शब्द घेतला की रविवारी कोणी गायचं नाही. सगळ्यांनी दिला. बॉर्गे तर दुखावलाच. “आम्ही गाणार? आम्ही काय अडाणी आहोत?” म्हणाला. एगॉनला तिने अ‍ॅकॉर्डियन घरी ठेवायला लावलं. त्याने ते मोटारीत ठेवलं. घरी आणि मोटारीत फारसा फरक नाही, असं त्याचं म्हणणं.

रविवारी मी एकशे वीस माणसांचं रांधलं. भाजलेलं मांस, बटाटे, लाल कोबी. ताटं उचलली आणि बँड मंचावर आला. डेनिसच्या डोक्यावर केस म्हणून उरला नव्हता. सोल्वाय पहिल्या टेबलाशी, इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घालून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ. पहिली आठ गाणी लोकांनी सभ्यपणे ऐकली. मग डेनिसने गिटारचे ते चार सूर छेडले. सोल्वायने डोळे मिटले.

पहिलं कडवं अगदी शांततेत गेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मनात म्हटलं, शाबास रे गावा. पण कडवं संपलं आणि ड्रमवाला म्हातारा पायाने तो मोठा ढोल ठोकायला लागला. धुम, धुम, धुम.

आता आमच्याकडे जेवणाच्या टेबलाशी पाय आपटले की नवराबायकोने टेबलाखाली जाऊन मुका घ्यायचा, हे दूध पिताना शिकवलेलं असतं. त्यात ही चाल! पहिले बॉर्गे आणि ग्रेटे गेले. मग पुढचं टेबल. बघता बघता अर्धा हॉल टेबलाखाली. डेनिसने मान वर केली तर समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या आणि हलणारी टेबलं. बिचारा गात राहिला. लोक तोंडं पुसत वर आले ते गातच आले. प्रत्येक टेबल आपापली कडवी म्हणतंय. इकडे बॉर्गे डुकरांत पडतोय, तिकडे कोणाची मोटार तळ्यात जातेय, कोपऱ्यात कोणाची सासू आजारी पडतेय. दारातून एगॉन अ‍ॅकॉर्डियन वाजवत आत शिरला.

सोल्वाय खुर्चीवर चढली. “गप्प बसा! अरे मेल्यांनो, शब्द दिला होतात ना!”

“आम्ही कुठे गातोय?” बॉर्गे ओरडला. “आम्ही साथ देतोय!”

शेवटी डेनिसनेच हात वर करून बँड थांबवला. सगळे माना खाली घालून टेबलक्लॉथ सारखे करायला लागले.

“हे तुम्ही काय गाताय?” त्याने माइकमध्ये विचारलं. “माझे शब्द तर नाहीत हे.”

सगळ्यांची बोटं सोल्वायकडे. ती खुर्चीवरच उभी होती, पळणार कुठे? मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सगळं कबूल केलं. चाळीस वर्षं, दोनशेच्या वर गाणी. बॉर्गेचं कडवं तर तिने जसंच्या तसं इंग्रजीत करून सांगितलं. डेनिस इतका हसला की त्याला ढोलावर बसावं लागलं.

“माफ करा हो,” ती म्हणाली. “तुमच्या मॅव्हिसचं असं केलं मी. कोण होती ती? गेली का तुम्हाला सोडून?”

“मॅव्हिस? अहो, आमच्या गल्लीत कपडे धुवायची ती. सोमवारी माझा शर्ट हरवला तिने.”

“शर्ट?”

“निळा होता.”

“म्हणजे मी सत्तेचाळीस वर्षं एका शर्टासाठी रडतेय?”

“शर्ट चांगला होता हो, बाई,” डेनिस म्हणाला. हे तो अगदी मनापासून म्हणाला, हसला नाही.

मग तिने धीर केला आणि सांगितलं, एकदा तरी तुमच्या तोंडून नीट ऐकायचंय. डेनिसने बाकीच्यांना खाली बसवलं, एकटाच गिटार घेऊन मंचाच्या कडेला आला आणि आम्हा सगळ्यांकडे बोट रोखून म्हणाला, “कोणी तोंड उघडलं तर मी इंग्लंडला परत जाईन.” आम्ही ओठ घट्ट मिटले. ग्रेटेने बॉर्गेच्या तोंडावर चक्क हात ठेवला.

डेनिस गायला. हळू, त्या म्हाताऱ्या फाटक्या आवाजात, सोल्वायकडे बघत. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, मॅव्हिसचं नाव आलं, आणि सोल्वायच्या तोंडून स्पष्ट, खणखणीत बाहेर पडलं, “बॉर्गे गेला डुकरं धुवायला...”

तिने चटकन दोन्ही हात तोंडावर दाबले. पण हातांमागूनही गाणं येतच होतं, तिला ते आवरेना. डेनिसने शब्द सोडून दिले आणि नुसती गिटार वाजवत राहिला. मग तिनेही हात खाली घेतले. गालांवरून पाणी वाहतंय, नाक लाल, आणि बाई गातेय. बॉर्गे पडला, निघाला, नाहला, जेवला, पार सातव्या कडव्यापर्यंत.

आम्ही कोणी साथ दिली नाही. ती कडवी आम्ही चाळीस वर्षं ओरडून म्हणत होतो, त्यामुळे ती ऐकायची कधी वेळच आली नव्हती. ग्रेटे शेजारी बसून मुसमुसत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती कडवी चांगली आहेत.