मेलो म्हणजे मेला नव्हे

नम्रताबाईंच्या कादंबरीतल्या महादूला मी मारलं. तिसऱ्याच प्रकरणात, लाल पेनाने.

मी कोल्हापूरकडचा, आचऱ्याच्या शाळेत मराठी शिकवतो, पण मालवणीशी ओळख वाटेतल्या नमस्काराइतकीच. शेजारच्या वर्गावरच्या नम्रताबाईंनी पहिली कादंबरी लिहिली आणि विश्वासाने प्रुफं माझ्या हाती दिली. त्यात महादूची आई म्हणते, ‘महादू मेलो, खंय गेलो?’ पोरावरची माया ती, लाडाची शिवी! मी शुद्धलेखनाच्या भरात केलं, ‘महादू मेला. कुठे गेला!’ चौथ्या प्रकरणात महादू पुन्हा दिसला, तेव्हा आईला तो आठवत असेल, असं समजून पुढे सरकलो. प्रुफं प्रकाशकाकडे रवाना.

नम्रताबाईंचं गोष्टी सांगणं लहानपणापासूनचं. मे महिन्यात त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बायका आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसत आणि मधोमध ही चिमुरडी. आईची अट एकच: गोष्ट सांग, पण कुणाचे हात थांबता कामा नयेत. एकदा हिने नायकाला कुणकेश्वराच्या समुद्रात बुडवलं. त्या बायकांतल्या लक्ष्मीकाकीने सुरी खाली ठेवली.

“आदी तेका जितो कर गो. मगे रातांबे फोडतंय.”

नायक पोहत परत आला. पुढे ही पोर बाई झाली, वर्गात गोष्टी सांगू लागली, मग रोज शाळा सुटल्यावर लिहू लागली. प्रत्येक प्रकरण आधी लक्ष्मीकाकीला वाचून दाखवायचं, हे मात्र सुटलं नाही.

प्रुफांची प्रतही त्याच खळ्यात वाचली गेली, मीही ऐकायला होतो. तिसऱ्या प्रकरणात काकीचे लाल झालेले हात थांबले, सुरी खाली.

“महादू मेलो? मगे फुडल्या पानार सोलकढी कोण पिता?”

बाईंनी पान उलटून पाहिलं, मग माझ्याकडे. मी आंब्याच्या झाडाकडे.

छपाई संध्याकाळी सुरू होणार होती. बाईंनी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला, तर ते गहिवरलेले. “अहो, महादूचा मृत्यू आम्हाला फार भावला! तो राहू द्या.”

पहिलं पुस्तक, नवी लेखिका, छापणारा हा एकच. बाईंनी काकीकडे पाहिलं. काकीची सुरी अजून खालीच होती.

“महादू जगणार,” बाई म्हणाल्या. “नाहीतर पुस्तक नको.”

पलीकडून एक उसासा. मग “बरं.” काकीने पुढचा रातांबा उचलला.

पुस्तक आलं. त्यात महादू ठणठणीत, कढी पितोय. शाळेत पेढे वाटताना मी धीर करून विचारलं, “बाई, पुढच्या कादंबरीची प्रुफं मीच बघू ना?”

“नको सर, माका माणसां जिती व्हयीत.”